अल्टोसारखी छोटी गाडी हायवेला काढण्याआधी

कराडहून इस्लामपूरला शाळेत जायला रोज एसटी चुकायला लागली, म्हणून २०१९ च्या दिवाळीत मी सेकंडहँड अल्टो घेतली. २०१६ चं मॉडेल. एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये रिव्हर्स घ्यायला शिकवलं, चढावर हाफ क्लचवर गाडी धरायला शिकवलं. पण आपली गाडी सातशे-साडेसातशे किलोंची आणि शेजारून जाणारा भरलेला दहाचाकी ट्रक अठ्ठावीस टनांच्या घरातला, या दोघांनी एकाच रस्त्यावरून कसं जायचं, हे कुणी सांगितलं नाही. ते मी चुकत, घाबरत आणि विचारत विचारत शिकले. तुम्हाला तसं शिकावं लागू नये म्हणून हे सगळं लिहिते आहे.

अल्टो, क्विड, एस-प्रेसो, जुनी ८००, नॅनो, इऑन, सँट्रो, यातली कुठलीही गाडी पहिल्यांदा घेत असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. गाडी छोटी आहे म्हणून घाबरवणं हा हेतू अजिबात नाही. या गाड्यांनी आपल्याकडच्या लाखो घरांना पहिल्यांदा पावसात कोरडं ठेवलं. फक्त त्या चालवायची रीत वेगळी आहे.

१. आधी वजनाचं गणित समजून घ्या

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप पटतं.

समजा तुमची गाडी माणसांसकट ९०० किलोंची आहे आणि समोरून १८०० किलोंची एसयूव्ही येते आहे. दोघांचाही वेग ताशी ५० आहे आणि समोरासमोर टक्कर होते. टक्कर झाल्यावर दोन्ही गाड्या एकमेकींत रुतून जड गाडीच्या दिशेने ताशी साधारण १७ च्या वेगाने सरकतात. म्हणजे जड गाडीतल्या माणसाचा वेग ५० वरून १७ वर येतो, ३३ चा झटका. तुमचा वेग मात्र पुढे ५० होता तो मागे १७ होतो, म्हणजे ६७ चा झटका. टक्कर एकच, पण तुम्हाला बसणारा धक्का दुप्पट. चालवणारा कितीही हुशार असला तरी हे गणित बदलत नाही.

दुसरी गोष्ट पत्र्याची. मोठ्या गाडीच्या नाकात चुरगळायला जागा असते. त्या चुरगळण्यात धक्का जिरतो. छोट्या गाडीचं नाक आखूड, आणि मागे तर त्याहून कमी. तुमच्या गाडीत मागच्या सीटवर कुणाला तरी बसवा आणि डिकीची काच त्याच्या डोक्यापासून किती लांब आहे ते हाताने मोजा. माझ्या गाडीत ते अंतर वीतभर भरलं. मोजलं त्या दिवशी मागे माझी मुलगी बसली होती, आणि त्या दिवसापासून माझी सिग्नलला थांबण्याची पद्धतच बदलली.

धक्का जिरवायला मोठ्या गाडीत लोखंड असतं. आपल्याकडे ते कमी आहे, म्हणून ते आपण रस्त्यावर भरून काढायचं: पुढे अंतर, मागे अंतर, बाजूला अंतर. खाली जे काही सांगणार आहे ते या एका गोष्टीतूनच निघतं.

२. सेकंडहँड घेताय? गाडी कोणत्या महिन्यात बनली ते विचारा

विकणारा 'मॉडेल २०१९' म्हणतो, पण त्या एका वर्षात नियम दोनदा बदलले. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, पुढच्या दोन्ही सीटना बेल्टची आठवण करून देणारा आवाज, वेगाची सूचना देणारा आवाज आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. शेजारच्या सीटची एअरबॅग जानेवारी २०२२ पासून सगळ्याच नव्या गाड्यांत येऊ लागली. म्हणून आरसीवरचा बनावटीचा महिना आणि वर्ष वाचा. नोंदणीची तारीख बघून फसू नका, गाडी शोरूमला पाच-सहा महिने उभी असू शकते.

पैशांची थोडी ओढाताण करून २०२२ नंतरची गाडी मिळत असेल तर म्युझिक सिस्टीम, अलॉय, सीट कव्हर सगळं सोडा आणि तीच घ्या. माझ्या मते यात दुसरा विचारच करू नये.

स्टारबद्दल. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षेची चाचणी घेऊन स्टार देणाऱ्या संस्थेने पहिल्यांदा भारतातल्या गाड्या ताशी ६४ च्या वेगाने आदळवून पाहिल्या. अल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो, पोलो या पाचही गाड्यांना, एअरबॅग नसलेल्या रूपात, शून्य स्टार मिळाले. पण त्यांच्यातला फरक महत्त्वाचा होता. पोलो आणि फिगोचा सांगाडा टिकला होता, आणि दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार स्टार मिळाले. बाकी तिघींचा सांगाडाच इतका कोलमडला की नुसत्या एअरबॅग बसवूनही उपयोग झाला नसता, असा त्यांचा निष्कर्ष होता. तेव्हा 'एअरबॅग आहे का' याच्या जोडीला 'सांगाडा टिकतो का' हेही बघायचं असतं. अहवालात ते वेगळं दिलेलं असतं. त्यानंतर टियागोला २०२० मध्ये चार स्टार मिळाले, आणि २०२३ मध्ये नव्या अल्टो के-१० ला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी दोन आणि मुलांच्या सुरक्षेसाठी शून्य. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅपही सुरू झाली आहे.

इथे एक सापळा आहे. समोरच्या धडकेची ही चाचणी साधारण आपल्याच वजनाच्या गाडीशी टक्कर झाल्यासारखी असते. चार स्टारची छोटी गाडी आणि चार स्टारची दोन टनांची गाडी एकमेकींवर आदळल्या तर पहिल्या मुद्द्यातलं गणित लागू होतंच.

गाडी बघायला जाल तेव्हा किल्ली फिरवून इंजिन सुरू न करता डॅशबोर्ड बघा. एअरबॅगचा आणि एबीएसचा दिवा लागून विझला पाहिजे. एबीएसचा दिवा इंजिन सुरू होईपर्यंत रेंगाळू शकतो. दिवा विझतच नसेल तर बिघाड आहे. दिवा मुळात लागतच नसेल तर त्याहून वाईट, कारण उडालेल्या एअरबॅगच्या जागी नुसतं झाकण बसवून दिव्याची वायर तोडलेल्या गाड्या बाजारात आहेत. मी गाडी शोधत होते तेव्हा एका एजंटने मला अशीच एक दाखवली होती. माझ्या ओळखीच्या मेकॅनिकने स्टिअरिंगच्या मधल्या झाकणाची कड नखाने उचलून बघितली आणि 'ताई, चला' एवढंच म्हणाला.

बोनेट उघडून दोन्ही बाजूंच्या लांब पट्ट्या बघा. त्यावर नवीन वेल्डिंग, वेगळा रंग, हातोडीचे ठोके दिसले तर गाडी समोरून आपटलेली आहे. असा सांगाडा दुसऱ्यांदा तितका भार घेत नाही. कंपनीच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून रिकॉल बाकी आहे का तेही तपासा. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने १७,३६२ गाड्या एअरबॅगच्या कंट्रोलरसाठी परत बोलावल्या होत्या, त्यात अल्टो के-१० आणि एस-प्रेसोसुद्धा होत्या. दुरुस्ती फुकट असते. पण गाडी विकली गेली की कंपनीचं पत्र जुन्या मालकाकडे जातं.

नॅनो अजूनही स्वस्तात मिळते. तिचं उत्पादन २०१८ मध्ये थांबलं आणि तिला एअरबॅग किंवा एबीएस कधीच नव्हतं. गावातल्या गावात चालवायला घ्या, मुंबई-पुणे करायला घेऊ नका.

कागदपत्रं हाताशी ठेवा:
- आरसी, आणि कर्ज असेल तर बँकेची एनओसी व फॉर्म ३५
- नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०
- विमा (गाडी नावावर झाली की १४ दिवसांत विम्यावरही नाव बदलून घ्या)
- पीयूसी
- सीएनजी असेल तर आरसीवर त्याची नोंद आणि टाकीच्या तपासणीचा दाखला
- तुमचं लायसन्स. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत चालते

विमा घेताना मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा त्यात आहे ना, ते बघा. शेजारी आणि मागे बसणाऱ्यांसाठी तो वेगळा घ्यावा लागतो आणि त्याला फार पैसे पडत नाहीत.

३. टायर: गाडी घेतल्यावरचा पहिला खर्च

माझ्या अल्टोचे टायर दिसायला छान होते. नक्षी शाबूत, काळे कुळकुळीत. पंक्चर काढणाऱ्या चाचांनी चाक उभं केलं, बाजूवर थुंकी लावून अंगठ्याने घासलं आणि मला वाचायला सांगितलं. चार आकडे होते: १४१४. 'चौदाव्या सालातला चौदावा आठवडा. गाडीपेक्षा टायर म्हातारा,' चाचा म्हणाले. जुन्या मालकाने कुठूनतरी वापरलेले टायर आणून, त्यांना काळं पॉलिश मारून गाडी विकली होती. चाचांनी टायर जरा दाबून धरला तेव्हा नक्षीच्या खोबणीत बारीक भेगा उघडल्या, उन्हात सुकलेल्या शेतासारख्या.

तेव्हा पहिलं काम हे: चारही टायर आणि स्टेपनी यांच्यावरचे ते चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. पाच-सहा वर्षं झाली असतील तर नक्षी कशीही असो, बदला. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली तर टायर गोटा झाला समजा. खोबणीत मधे मधे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की वेळ झाली.

हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर स्टिकरवर लिहिलेलं असतं. दोन माणसांसाठी वेगळी आणि भरल्या गाडीसाठी वेगळी. पंपावरचा पोरगा सगळ्या गाड्यांना एकच आकडा लावतो, त्याला थांबवून आपला आकडा सांगा. हवा टायर थंड असताना बघायची. बारा इंची चाकाच्या टायरमध्ये मुळात हवाच थोडी मावते, त्यामुळे थोडी कमी झाली तरी फरक मोठा पडतो. कमी हवेचा टायर हायवेला तापतो आणि फुटतो. उन्हाळ्यात समृद्धीसारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर तर याकडे दुर्लक्ष करूच नका.

आणि टायर कंपनीने दिलेल्याच मापाचे घाला. 'ताई, जरा रुंद बसवू, गाडी भारी दिसेल' असं कुणीतरी म्हणेलच. स्टिअरिंग जड होतं, वळताना टायर आतल्या मडगार्डला घासतो आणि स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो.

४. बसायचं कसं

छोट्या गाडीत आपण स्टिअरिंगच्या फार जवळ बसतो, उंची कमी असेल तर आणखीच. एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते, त्यामुळे छाती आणि स्टिअरिंगमध्ये किमान दहा इंच हवेत. सीट मागे घेतल्यावर क्लच पुरत नसेल तर क्लच पूर्ण दाबता येईल इतकीच सीट पुढे घ्या आणि सीटची पाठ थोडी मागे कलती करून अंतर राखा. गाडीत एअरबॅग नसली तरी हे दहा इंच सोडा.

बेल्टचा खालचा पट्टा पोटावरून घेऊ नका, तो कमरेच्या हाडावरून गेला पाहिजे. साडीवर बेल्ट लावताना पदर आणि निऱ्या यांच्यावरून तो वर सरकतो, म्हणून बसल्यावर एकदा खाली ओढून घ्या. बेल्टच्या आवाजाचा त्रास होतो म्हणून नुसती क्लिप लावून ठेवणारे मी रोज बघते. त्या क्लिपा ऑनलाइन विकायला २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मनाई केली. तुमच्या गाडीत असली तर आजच काढून टाका.

मागे बसणाऱ्यांनीही बेल्ट लावायचाच. दंड हजार रुपयांचा आहे, पण खरं कारण दंडाच्या पलीकडचं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गेले ते मोठ्या, मजबूत गाडीत, मागच्या सीटवर. बेल्ट लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. आपल्या गाडीत मागचा माणूस पुढे फेकला गेला तर तो थेट पुढच्याच्या सीटवर आदळतो, कारण मधे जागाच नसते. जुन्या अल्टोत मागचे बेल्ट सीटखाली दडपून गेलेले असतात. सीट उचलून ते बाहेर काढा, धुवा, कुलूप नीट बसतं का बघा. मी काढले तेव्हा त्यात शेंगदाण्याची टरफलं अडकलेली होती.

मूल मांडीवर घेऊन पुढे बसू नका. हे मी हात जोडून सांगते. ताशी ४० च्या धडकेतसुद्धा दहा किलोंचं बाळ हातात धरून ठेवणं कुणालाच शक्य नाही, आणि एअरबॅग असेल तर ती तुमच्या आणि डॅशबोर्डच्या मधे नाही, बाळावरच फुगते. लहान बाळासाठी मागच्या सीटवर, उलट्या तोंडाची, चाइल्ड सीट. विकत घेण्याआधी तुमच्या गाडीत नेऊन बसवून बघा, जुन्या छोट्या गाड्यांत आयसोफिक्सचे (चाइल्ड सीट अडकवायचे) हुक नसतात आणि बेल्टची लांबी कधी कधी पुरत नाही.

५. किती माणसं, किती सामान

पाच मोठी माणसं म्हणजे साडेतीनशे किलो. साडेसातशे किलोंच्या गाडीवर तिच्या निम्मं वजन चढलं! आता ब्रेक उशिरा लागतो, वळणावर गाडी कलते, मागचा भाग दबून हेडलाइटचा झोत वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. काकांच्या लग्नाला सहावा माणूस कोंबताना हे आठवा. भरल्या गाडीने निघाल्यावर पहिल्या मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही बघून, एकदा ब्रेक दाबून बघा. गाडी आज किती लांब जाऊन थांबते ते कळतं.

टपावर कॅरियर लावून गावाहून धान्याची पोती आणू नका. जड सामान डिकीत, खाली, सीटच्या पाठीला टेकून. मागच्या काचेजवळच्या फळीवर डबे, छत्री, पाण्याच्या बाटल्या ठेवल्या तर करकचून ब्रेक लागल्यावर त्या डोक्याच्या उंचीवरूनच पुढे येतात.

सीएनजी असेल तर डिकीतली टाकी हेही कायमचं वजन आहे. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने टाकी तपासणं) दर तीन वर्षांनी करायची असते. तारीख टाकीवरच्या पाटीवर असते. बाहेरून बसवलेलं किट असेल तर टाकीचे पट्टे आणि बोल्ट घट्ट आहेत का, हे दर सर्व्हिसिंगला बघायला सांगा.

६. अंतर

पुढच्या गाडीपासून तीन सेकंद. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' म्हणा. तोपर्यंत तुम्ही खांबाशी पोचायला नको. ताशी ८० ला हे अंतर सत्तर मीटरच्या आसपास येतं. कुणीतरी मधे घुसणारच. घुसू द्या, पुन्हा मोजा. एबीएस नसेल किंवा पाऊस असेल तर चार-पाच सेकंद.

वेग किती? हायवेला मी ८० च्या वर जात नाही. ८० ऐवजी १०० ने गेलात तर थांबायला लागणारं अंतर नुसतं पाव पटीने वाढत नाही, निव्वळ ब्रेकचं अंतर दीडपटीहून जास्त होतं. कराड-पुणे प्रवासात यामुळे पंधरा-वीस मिनिटं जास्त जातात, त्यात चहा होतो.

पण ८० ने जायचं तर उजव्या लेनमध्ये चालवत बसू नका. मधली लेन धरा. चारपदरी रस्ता असेल तर डावीकडे. आणि ट्रकच्या बाजूने समांतर कधीही चालू नका. केबिनमधून खाली बघताना ड्रायव्हरला तुमची गाडी दिसतच नाही, विशेषतः डाव्या अंगाला. साधा नियम: ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. एकतर मागे राहा, नाहीतर झटकन पुढे निघून जा. ट्रक किंवा एसटी ओलांडताना वाऱ्याने गाडी आधी आत ओढल्यासारखी होते आणि मग बाहेर ढकलली जाते. पहिल्यांदा दचकायला होतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा, उलट झटका देऊ नका.

सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे थांबलेल्या रांगेचं शेपूट. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा उतार बघा. ट्रकवाले डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरतात, ब्रेक तापून जातात, आणि खाली रांगेत उभी असलेली छोटी गाडी मधे सापडते. तिथे असे अपघात पुन्हा पुन्हा झाले आहेत. म्हणून हायवेला पुढची वाहतूक थांबताना दिसली की मी तीन गोष्टी करते. लांबूनच हळू होते आणि चारही इंडिकेटर लावते. पुढच्या गाडीपासून एक गाडी मावेल इतकं अंतर सोडून, थोडं कडेच्या बाजूला तोंड करून थांबते. आणि मागे दोन गाड्या येऊन उभ्या राहीपर्यंत नजर आरशात आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवते. मागून कुणी थांबत नाही असं दिसलं तर निघून जायला वाट असते. दोन मोठ्या गाड्यांच्या मधे सँडविच होऊ नका. हे एकच वाक्य लक्षात राहिलं तरी चालेल.

७. ओव्हरटेक आणि घाट

आठशे सीसीच्या इंजिनाची ताकद ४८ अश्वशक्तीच्या आसपास. एसी चालू, चार माणसं, समोर चढ, अशा वेळी चौथ्या गिअरमध्ये पाय दाबून काही होत नाही. ट्रक ६० ने जातोय आणि तुम्ही ८० ने ओलांडताय, तर मागचं-पुढचं अंतर धरून दहा-अकरा सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही अडीचशे मीटरच्या आसपास जाता आणि समोरून येणाराही तेवढाच जवळ येतो. म्हणजे दुपदरी रस्त्यावर समोर अर्धा किलोमीटर रिकामा दिसला पाहिजे. दिसत नसेल तर नको. दिसत असेल तर आधी तिसरा गिअर, एसी बंद, मग बाहेर.

घाट चढताना डावीकडे राहा आणि गाडी रडायला लागायच्या आत खालचा गिअर टाका. पुणे-सातारा रस्त्यावरचा खंबाटकी घाट आठवा. घाटात तापमानाच्या काट्याकडे किंवा दिव्याकडे लक्ष ठेवा. उतरताना नियम सोपा: ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. न्यूट्रल नाही, इंजिन बंद तर मुळीच नाही. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारा जोर जातो, ब्रेक दगडासारखा होतो. अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची.

८. रात्र आणि उसाचा हंगाम

आमच्या भागात दिवाळी झाली की कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो आणि तो मार्चपर्यंत चालतो. संध्याकाळनंतर रस्त्यावर ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, बैलांच्या गाड्या.

गाडी घेऊन दोन महिने झाले होते. शाळेतलं स्नेहसंमेलन आटपून रात्री साडेआठला परत येत होते. समोरून येणाऱ्या गाडीचा अप्पर डोळ्यांत आला, मी डोळे बारीक केले. ती गाडी गेली आणि अंधारात मला समोर रस्ताच दिसेना. कसला तरी करडा पडदा होता. तो उसाच्या पाल्याचा होता. दुसऱ्या ट्रॉलीला ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर, आणि उसाची टोकं ट्रॉलीच्या बाहेर दोन-तीन हात आलेली. मी ब्रेकवर उभी राहिले, चाकं लॉक झाली, गाडी घसरत गेली. थांबले तेव्हा पुढच्या काचेला पाला घासत होता. अल्टोचं बोनेट ट्रॉलीच्या खाली गेलं होतं आणि ट्रॉलीची फळी काचेच्या उंचीवर होती. ट्रॅक्टर तसाच पुढे निघून गेला, त्याला कळलंही नाही.

छोट्या गाडीचा खरा धोका इथे आहे. नाक खालून आत शिरतं आणि धडक थेट काचेला बसते. बंपर, एअरबॅग, सांगाडा, कशालाच भार घ्यायची संधी मिळत नाही. म्हणून हंगामात रात्री वेग ५० च्या खाली. तुमच्या हेडलाइटचा झोत जिथवर पोचतो त्याच्या आत गाडी थांबली पाहिजे, हा हिशोब. समोरून अप्पर आला तर नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर न्या आणि वेग लगेच कमी करा, ती गाडी जाण्याची वाट बघू नका. काचेवर आतून बसलेली धूळ आणि तेलकटपणा आठवड्यातून एकदा ओल्या कागदाने पुसा, रात्रीच्या चकाकीचं निम्मं कारण तेच असतं. जुन्या हेडलाइटची काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्या.

तुमचे नातेवाईक ट्रॅक्टर चालवत असतील तर त्यांना लाल रिफ्लेक्टरची पट्टी आणून द्या. मी आमच्या गल्लीतल्या तिघांना दिली.

९. पावसाळा

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही. मोठी जीप गेली म्हणून आपण जायचं नाही. छोटी गाडी हलकी असते, फूटभर वाहतं पाणीसुद्धा तिला उचलू शकतं. साचलेल्या पाण्यात चाकाच्या मध्यापर्यंत पाणी ही मर्यादा. त्यातून पहिल्या गिअरमध्ये, न थांबता. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, इंजिनात पाणी ओढलं जातं आणि खर्च वाढतो. ढकलून बाहेर काढा.

१०. गाडीला लावू नयेत अशा गोष्टी

पुढचा लोखंडी गार्ड. तो बेकायदा आहे, शिवाय धक्का जिरवायच्या जागेला बगल देऊन तो थेट सांगाड्यात नेतो आणि एअरबॅगच्या सेन्सरला चकवतो. एअरबॅगच्या झाकणावर गणपतीची मूर्ती, फोनचा स्टँड किंवा अत्तराची बाटली चिकटवू नका. देव डॅशबोर्डच्या मधल्या भागात, खाली बसवा. सहा एअरबॅगची नवी गाडी असेल तर सीटच्या कडेला एअरबॅगची खूण असते, त्यावर घट्ट सीट कव्हर चढवू नका. ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याची बाटली आणि सैल मॅट ठेवू नका.

११. गाडीत कायम असावं असं

- लाल परावर्तक त्रिकोण (गाडीसोबत मिळतो, बहुतेकांचा डिकीत तळाशी असतो)
- हवेने भरलेली स्टेपनी, जॅक, पाना. घरासमोर एकदा स्वतः चाक बदलून बघा, नट कारखान्याच्या मशीनने आवळलेले असतात आणि हाताला सुटत नाहीत
- टॉर्च, प्रथमोपचाराची पेटी
- काच फोडायची छोटी हातोडी आणि बेल्ट कापायची पट्टी, ड्रायव्हरच्या हाताला लागेल अशी
- आरसीच्या प्रतीसोबत घरच्यांचा नंबर आणि रक्तगट, मोठ्या अक्षरात

हायवेला गाडी बंद पडली तर शक्य तितकी कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा आणि सगळ्यांना डाव्या दाराने बाहेर काढून बॅरियरच्या पलीकडे उभं करा. गाडीत बसून मेकॅनिकची वाट बघू नका. त्रिकोण ठेवायला मागे जाताना येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, कडेने, पन्नास पावलं तरी जा. नंबर फोनमध्ये आत्ताच साठवा: पोलीस आणि इतर मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. फोनवर जागा सांगायला कडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा वाचून दाखवा, रुग्णवाहिकेला त्यावरूनच नेमकं ठिकाण सापडतं.